मातृभाषेचा रकाना

गांधीजयंतीची ग्रामसभा कोरमअभावी तहकूब झाली.
मी सतरंजीचं टोक धरून उभा, खिशात मोबाईल थरथरला:
भटू, बार्सिलोनाहून, आदल्या रात्रीचा आवाज.
गुरुजी, आठे बी भाषानंच भांडन शे.
मागे भांडी वाजत होती. लोक म्हणे
बाल्कनीत येऊन पातेली बडवतात, रात्री दहाला, रोज.

भटू आमच्या बेटावदचा. सातवीला दोनदा बसला.
तिकडे फुटक्या मोबाईलच्या काचा बदलतो.

मी नऊ निवडणुका केल्या,
मांडीवर पेटी घेऊन ट्रॅक्टरमधून पांझरा ओलांडली,
म्हणून आधी विचारलं, पेट्या कशा होत्या रे?
प्लास्टिकच्या, पांढऱ्या, काळ्या झाकणाच्या.
सरकारने बंदी घातलेलं मतदान, तेव्हा पेट्या लोकांनीच लपवलेल्या,
बियाणं लपवावं तशा, घराघरात.
सकाळी शाळांत पोलीस शिरले. दारं फोडली.
मतदारांना पायऱ्यांवरून ओढलं.
शाळा म्हटलं की मला माझीच शाळा दिसते:
खोली दुसरी, तीन पायऱ्या, मधली तुटकी.

सतराशे चौदात त्यांचं शहर पडलं,
आणि पडल्याचा दिवस ते सणासारखा पाळतात!
आमचा असीरगड पडला सोळाशे एकला.
बादशहाने खानदेशचा दानदेश केला, पोराच्या नावावरून,
तेही टिकलं नाही.
साहेबाने पूर्व-पश्चिम फाडला,
पुढे जळगाव, धुळे, धुळ्यातून नंदुरबार.
भिंतीवरच्या नकाशावर मी छडी फिरवत राहायचो
आणि आम्ही राहतो ते नाव कुठेच छापलेलं नसायचं.
आता ते उरलंय भरिताच्या हॉटेलांच्या पाट्यांवर.
आम्ही कुठला दिवस पाळायचा?

भटूचा मालक पाको. त्याचा बाप दक्षिणेतून
मजुरीला आला आणि मरायला परत गेला.
पाको म्हणतो, उद्या हे वेगळे झाले
तर बापाच्या थडग्यावर जायला मला पासपोर्ट लागेल?
वरच्या मजल्यावरची म्हातारी म्हणते, लागू दे.
लहानपणी घरची भाषा तोंडातून निघाली
म्हणून बाईंनी तिच्या हातावर वळ काढले होते.
बाईंचं नाव तिला अजून पाठ आहे.
भटू मधेच थांबला. मग हसला.
तुमनी पट्टी याद शे माले, गुरुजी.

हो. लाकडी, फूटभराची, एक कड झिजलेली.
आठे नाही, इथे म्हण. शे नाही, आहे म्हण.
तालुक्याचे साहेब वर्गावर येणार होते,
आणि पोरं पुढे जायला हवी होती.
गेली की. एवढी लांब गेली.

दहा दिवसांनी भटूने कळवलं:
स्वातंत्र्य जाहीर झालं, आणि आठ सेकंदांत स्थगित.
चौकातल्या पडद्यासमोर लोक मिठ्या मारत होते
ते तसेच, हात अर्धे उचललेले.
आठ सेकंद. मतदाराच्या बोटावरची शाईसुद्धा
एवढ्यात वाळत नाही.

बरोबर कोण, मला सांगता येत नाही.
पाकोचं पटतं. म्हातारीचंही पटतं.
मला फक्त जनगणनेची वही आठवते,
दोन हजार अकरा, फेब्रुवारी, ऊन चढलेलं,
सोजाबाईच्या ओट्यावर.
मातृभाषा? मी विचारलं.
ती शेंगा निवडत होती. कोनती म्हंजे?
मी जी बोलस तीच ना!
पेन थांबलं नाही. मी लिहिलं: मराठी.
त्या गल्लीत एकोणचाळीस घरं,
बहुतेक ठिकाणी तर विचारलंही नाही.

पुढची जनगणना लांबली, सोजाबाई तोवर थांबली नाही.
भटूला मी अजून उत्तर पाठवलेलं नाही;
बोलायला जातो आणि तोंडातून पुस्तक बाहेर येतं,
मग पुसून टाकतो.

त्या दिवशी यादीत शेवटचं घर माझं होतं.
आई आत झोपलेली.
मीच विचारलं,
मीच लिहिलं.